काचघराचा किल्लेदार

किल्लेदारांनी आवाज दिल्याशिवाय कधी कुलूप लावलं नाही. एक दिवस सोडून. त्या एका दिवसापायी त्यांचं सगळं आयुष्य त्या इमारतीला बांधलं गेलं.

शहागंजातलं काचघर दिवेलागणीला बंद व्हायचं. गिऱ्हाईक गेलं, नोकर आपापल्या चपला शोधायला लागले, की हा उंच, वाळका माणूस दुकानाच्या बरोबर मध्यभागी येऊन उभा राहायचा. मान वर करायची आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी हाळी द्यायची, "कोई है क्या ऊपर? कोन हाय का? निघा, कुलूप लागतंय!" मग थांबायचं. आवाज वर चढायचा, सज्ज्यांना धडकायचा, छपराच्या काचेपर्यंत जाऊन हळूहळू खाली यायचा. तो पुरता विझेपर्यंत किल्लेदार जागचे हलत नसत. नंतर एकदा मान डोलवायचे आणि बाहेर पडायचे.

ते मान डोलवणं मी कितीदा बघितलं असेल. म्हाताऱ्याची सवय, एवढंच समजत होतो.

त्यांचं खरं नाव दुकानात कोणी घेत नव्हतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा म्हणून कुण्या वात्रट सेल्समननं किल्लेदार म्हटलं, ते चिकटलं. त्यांनीही वाईट मानलं नाही. "देवगिरीचा किल्लेदार कुठं गेला कोणाला ठाव नाय, मी तरी ठिकाण्यावर हाय," असं म्हणायचे. मी त्यांना मामा म्हणत होतो. ते मला मिस्तरी म्हणायचे.

मी चितेगावचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढं थापी आणि ओळंबा. या शहरात माझ्या हातचं प्लास्टर कुठं पडलं असेल तर दाखवा. आणि भूतखेत मी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. स्मशानाची भिंत एकट्यानं बांधली आहे मी. तेव्हा पुढचं ऐकताना कोणी मला भित्रा समजू नये.

काचघर आता शोधून सापडायचं नाही. तिथं शटरची दुकानं झाली. पण माझ्या वयाचे जे कोणी उरले असतील त्यांना ते आठवत असेल. सगळा बाजार एका छपराखाली. खाली कापड, अत्तर आणि जोडे. मधल्या मजल्यावर चिनी मातीची भांडी, दिवे, घड्याळं. सगळ्यात वर जनाना मजला. निजामाच्या काळात थोरल्या साहेबांनी, म्हणजे पहिल्या मालकांनी, बांधलं. साहेब मुंबईला गेले, तिथं असलं दुकान बघितलं आणि येताना ओतीव लोखंडाचे खांब रेल्वेनं घेऊनच आले. स्टेशनपासून शहागंजापर्यंत खांब बैलगाड्यांवरून आणले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बघायला उभी होती, असं किल्लेदार सांगायचे. भिंती आपल्याच काळ्या दगडाच्या. चुना गूळ आणि बेलफळाचा गर घालून मळलेला. त्या चुन्यात खिळा मारायला गेलं की खिळा वाकायचा. जिना सागवानी, अर्ध्यावर जाऊन दोन हात पसरल्यासारखा दोन्हीकडं फुटलेला.

मधोमध मात्र काही नाही, नुसती पोकळी. वर काचेचं छप्पर आणि त्यातून सरळ खालच्या फरशीवर पडणारं ऊन. भोवती वरच्या दोन्ही मजल्यांचे सज्जे. खाली उभं राहिलं की दोन्ही मजले एकदम आपल्याकडं बघताहेत असं वाटायचं. आणि त्या पोकळीत आवाज लपत नव्हता. खाली एखादी बाई नवऱ्याच्या कानात म्हणायची, "नगं, लई महाग सांगतोय," की वरून चिनी मातीवाला ओरडायचा, "भाभी, मेरे पास सस्ता है, ऊपर आओ!" सगळं दुकान हसायचं. किल्लेदार हसायचे नाहीत. "वरचं खाली येतं ते दिसतं तुमाला," म्हणायचे, "खालचं वर जाऊन कुठं बसतं, ते बघता का कधी?"

जनाना मजल्याची तऱ्हा वेगळी होती. पडद्यातल्या बायकांनी समोरच्या दारानं यायचं नाही. मागच्या बोळात टांगा लागायचा, दोन्हीकडून चादरी धरायच्या आणि बायका भिंतीतल्या जिन्यानं थेट वर. भिंत इतकी जाड की जिना तिच्या पोटात मावलेला. वरच्या टोकाला जिन्याचं दार म्हणजे पुरुषभर उंचीचा बेल्जमचा आरसा. बिजागरीवर फिरायचा. दुकानातून बघणाऱ्याला आरसाच दिसणार. अचानक आपलं रूप बाजूला सरायचं आणि त्या जागी बुरख्यातली बाई उभी. त्या जिन्यावर पुरुषानं पाय ठेवायचा नाही, हा थोरल्या साहेबांचा कायदा. जिना झाडणारीसुद्धा बाईच होती.

मी तिथं डागडुजीच्या कामाला लागलो तो पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर. थोरल्या साहेबांचं कुटुंब हैदराबादला निघून गेलं होतं. इमारत एका शेटजींनी घेतली होती. देवड्यांमधल्या, म्हणजे नवाबी वाड्यांतल्या, बायका यायच्या बंद झाल्या, जनाना मजल्यावर रजया आणि गाद्यांचा साठा भरला. शेटजींनी ताबा घेताघेताच बोळातलं दार विटांनी बुजवलं आणि आरसा चौकटीला खिळे मारून पक्का केला. आत कोणी डोकावलंही नाही. ते काम माझं नव्हतं. वीट बघूनच सांगतो, माझं नव्हतं.

किल्लेदार मात्र जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडं इमारतीसोबतच आले. शनिवारी सगळ्या कुलपांना तेल पाजायचे. आरशासमोरून जायची वेळ आली की पागोटं नीट करायचे आणि नजर खाली घालायचे. एकदा एक नवा सेल्समन सांजच्याला त्या आरशात भांग पाडत होता. मामांनी त्याचा कंगवाच काढून घेतला. पोरगं चिडलं, "आरसा बघायलाच असतो ना?" मामा म्हणाले, "दिवसा आपण बघायचं. आता त्याची पाळी." पोरगं त्या दिवसापासून त्या मजल्यावर एकटं जाईना.

मला ते पटत नसे आणि मी तसं तोंडावर सांगायचो. "मामा, रिकाम्या इमारतीत कोणाला हाळी देता?"

"बंद इमारत येगळी आन् रिकामी इमारत येगळी, मिस्तरी," ते म्हणायचे. "तू बांधतोस. बंद मी करतो. मला ठाव."

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या मजल्यावर छपराची गळती बघत होतो. मामा सोबतीला शिडी धरून उभे. कोपऱ्यात एक शिलाई मशीन धूळ खात पडलं होतं. सुईखाली अजून जनानी कुर्तीची अर्धी बाही. मी म्हटलं, हे मोडीत का काढत नाहीत? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

जनाना मजल्यावर एक दर्जी बसायचे. सगळे त्यांना मास्टरसाब म्हणायचे. बायकांचं माप त्यांची बहीण घ्यायची, हे पडद्याच्या अलीकडं पाठ करून बसायचे. बहीण वारली, पण यांची पाठ तशीच राहिली. इतके अदबीचे, की आरशाच्या दाराकडंसुद्धा तोंड करत नसत. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत एका दुपारी फौज आल्याची हूल उठली. शहागंज धडाधड बंद होऊ लागलं. कोण कुठं पळतंय, काही कळेना. किल्लेदारांनी नोकरांना बाहेर ढकललं, फाटक ओढलं, कुलूप घातलं आणि घर गाठलं.

"आवाज दिला नाय," ते शिडी धरून म्हणाले. "साहेबांचा कायदा व्हता. आधी आवाज, मग कुलूप. त्या एका दिवशी नाय दिला."

दुकान पुन्हा उघडायला बरेच दिवस गेले. उघडलं तेव्हा मास्टर नव्हते. मशीन होतं, बाही होती, चहाचा कप होता. घरी गेलेच नव्हते. खोलीला कुलूप. कोणी म्हणालं हैदराबादला बघितलं, कोणी म्हणालं कराचीला गेले. नक्की बघितलेला एकही माणूस भेटला नाही.

"बाहेर पडले असतील ना मामा."

"कुटनं? फाटकाला माझं कुलूप. खिडक्यांना गज."

"मागच्या जिन्यानं."

मामा एकदम कडक झाले. "मास्टर त्या जिन्यात पाय ठिवनार नाय. कापलं तरी नाय. तुला म्हाईत नाय तो मानूस."

"मग आत कोणी मेलं असतं तर वास आला असता."

"खाली अत्तरवाला बसतो," मामा म्हणाले. "तीन मजले घमघमतात. वास कशाचा येनार?"

मी शिडीवरून उतरलो. आरसा समोरच होता. आम्ही दोघं त्यात दिसत होतो, आणि मामा त्याच्याकडं बघत नव्हते. "इतकी वर्षं झाली, त्या आरशामागं एकदा बघितलं का नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, थोरल्या साहेबांना शब्द दिलाय. मला ते खरं वाटलं नाही. शब्द दिला असेलच. पण आपण त्या माणसाला आत कोंडून मारलं का, हा प्रश्न त्या काचेमागं होता, आणि मामांना उत्तर नको होतं. मी तसं बोललो नाही. थोरल्या माणसाला भित्रा म्हणणं मला बरं दिसत नाही.

पुढं कधीतरी मी वरच्या सज्ज्याचा कठडा दुरुस्त करत बसलो होतो. खालून हाळी आली. मी ओरडलो, "ओ मामा! मी हाय, मिस्तरी! आलो!" अवजारं गोळा करून खाली उतरलो. मामा जागचे हलले नव्हते. मान वर.

"चला की. आता कोणाची वाट बघता?"

"तुजी ओ झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "आजून एक व्हायचीय."

मी पण कान दिला. वर कबुतरांची फडफड झाली. दुसरं काही मला ऐकू आलं नाही. मामांनी मान डोलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर काढलं. हात गार होता. मला हसू येत होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

जायकवाडीच्या धरणाचं काम चालू होतं त्या काळात शहरात सिमेंट काँक्रीटचं वेड आलं. शेटजींनी मला बोलावून वर बोट दाखवलं. "मिस्तरी, ही मधली जागा फुकट जाते. प्रत्येक मजल्यावर स्लॅब ओढला तर इथं किती दुकानं बसतील?"

मामा मागं उभे होते. "शेटजी, मधी स्लॅब पडला तर आवाज वर कसा जायचा?"

"कोणाला जायचाय?"

"बंद करताना."

शेटजी हसले. मनानं वाईट नव्हते ते. "किल्लेदार, तुम्हाला भोंगा आणून देतो. गिरणीला असतो तसला. वाजवा आणि घरी जा." नोकर खो खो हसले. एक जण म्हणाला, "किल्लेदाराला तोफ द्या, शेटजी!"

मामांनी कमरेचा जुडगा सोडला आणि गल्ल्यावर ठेवला.  त्या संध्याकाळी त्यांनी शेवटची हाळी दिली आणि मला बाजूला घेतलं. "मी लेकीकडं पैठनला चाललो. तू स्लॅब टाकनारच, तुजं पोट हाय. पन आधी आरसा काड. आत मास्टर आसंल तर बाहेर काड. जसा आसंल तसा. माती दे. मग टाक स्लॅब."

"तुम्ही थांबा ना बघायला."

"माज्यानं व्हनार नाय, मिस्तरी." एवढं बोलून ते गेले. त्यांची पाठ मोकळी मोकळी दिसत होती. किल्ल्यांशिवाय ते चालताना आवाजच होत नव्हता.

आरसा मी स्वतः काढला. भर दुपारी, छपरातून ऊन येत असताना. मजुरांना खाली ठेवलं. खिळे निघताना माणसानं कण्हावं तसे कण्हत होते. आरसा फिरला. त्यात माझं तोंड बाजूला सरलं आणि मागं अंधार आला. अत्तराचा शिळा, गोड वास.

पहिल्याच पायरीवर जोडे होते.

मखमली, जरीचे, पुरुषाचे. एकाला एक लावून, टोकं खालच्या दिशेला. घरात शिरताना अदबीनं काढून ठेवावेत तसे. मी तिथंच बसलो. थोड्या वेळानं कंदील घेतला आणि उतरलो. जाळी तोंडावर येत होती. एक वळण, दुसरं वळण. दर वळणाला वाटायचं, आता. खाली दार. पलीकडून शेटजींच्या विटा. आणि आतली कडी काढलेली, लोंबकळत होती. जिन्यात कोणी नव्हतं. हाड नाही, चिंधी नाही.

मला तिथंच मोठ्यानं हसू फुटलं. मास्टर सुटले होते! फाटक बंद झालं तेव्हा घाबरले असतील. दुसरी वाट नव्हती. बायकांच्या जिन्यावर जोडे घालून उतरायचं त्या माणसाच्या अंगात नव्हतं, म्हणून वर काढून ठेवले, अनवाणी उतरले, कडी काढली आणि बोळातून निघून गेले. विटा नंतर पडल्या. मामांनी कोणालाच मारलं नव्हतं.

जोडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी पैठणची एस. टी. धरली. सबंध रस्ताभर मी मनातल्या मनात बोलणं जुळवत होतो. एवढी चांगली बातमी घेऊन मी आयुष्यात कोणाकडं गेलो नाही.

मामांचा जावई पैठणी विणायचा. मामा मागाजवळ बाजेवर पडले होते, अंगात ताप. मी पुडी सोडली. जोडे बघितले आणि ते उठून बसले. मी सगळं सांगितलं. आरसा, पायरी, कडी. ते जोड्यांवरून हात फिरवत राहिले.

"काडून ठिवले," ते म्हणाले. "फौज दारात आली आन् ह्यो बाबा जोडे काडून ठिवतोय. आरं हातात तरी घ्यायचे!" आणि ते रडायला लागले. रडता रडता हसायला लागले. लेक आतून धावत आली. "आक्का, कायी नाय झालं," ते तिला म्हणाले. "मास्टर सुटला. गेला निघून. माजं कुलूप कोनाला लागलं नाय."

लेकीनं चहा केला. मामांनी बशीभर प्यायला. ताप उतरल्यासारखा चेहरा झाला होता. जावयानं माग थांबवला, लेकीनं देव्हाऱ्यात दिवा लावला. काचघर बंद व्हायची वेळ. खोलीत एकदम शांत झालं. मामांच्या हातातली बशी तशीच राहिली.

"मिस्तरी," ते म्हणाले. "मास्टर जर त्याच दिवशी गेला, तर मला रोज ओ कोन देत व्हतं?"

"कबुतरं, मामा. तिथं लई कबुतरं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पोरासोरांकडं बघावं तसं. "कबुतर 'जी, बंद करो' म्हनतं व्हय रे?"

मी त्यांच्या हातातली बशी घेऊन खाली ठेवली.  शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. जोडे उचलायला गेलो तर मामांनी हात धरला. "राहू दे हितं. मास्टर कुटं आसला तर येईल मागायला. आन् एक काम कर. स्लॅबच्या आदी आवाज दे. माज्या वतीनं. जे कोन आसंल त्याला निघू दे."

पुन्हा भेट झाली नाही. एस. टी.च्या कंडक्टरकडून लेकीचा निरोप आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिनं नंतर सांगितलं, मामा गेले ते दिवेलागणीला. दाराकडं तोंड करून मान डोलवली, तीच शेवटची. जोडे बाजेखाली होते. मग कोणी नेले, घरात कोणालाच माहीत नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी खाली माझी माणसं घमेली घेऊन उभी होती, भाड्यानं आणलेला मिक्सर फाटकात. वर सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या होत्या, मधे अजून एवढीशी फट. तिच्यातून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती, बरोबर मामा उभे राहायचे तिथं. मी त्या जागी जाऊन उभा राहिलो. पोरं बघत होती. मला कोणाची लाज नाही. मान वर केली आणि घसा ताणून ओरडलो, "कोई है क्या ऊपर? कोन हाय का? निघा!"

आवाज त्या फटीतून वर गेला. तो परत यायच्या आत मी वळलो आणि म्हणालो, "बघता काय? मिक्सर चालू करा."

आता माझं वय झालं. गावाला जाताना घराला कुलूप लावायची पाळी माझ्यावर असते. मी दारात उभा राहून आत आवाज देतो. सून रिक्षातून म्हणते, "बाबा, सगळे बाहेर आहेत, आत कोणी नाही." मला माहीत आहे कोणी नाही. आवाज देतो आणि लगेच कुलूप ओढतो. थांबायचं काम किल्लेदारांचं होतं.